क्षणभंगुर रेणूंचा हिशेबनीस : गेरहार्ड हर्झबर्ग

— द्वितीय वर्ष, वाणिज्य

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रेणूंच्या शास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे, याचे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना नवल वाटेल. परंतु मी गेरहार्ड हर्झबर्ग यांच्याकडे वळलो तो हिशेबाच्याच वाटेने. एखाद्या दुकानाची वर्षारंभीची शिल्लक आणि वर्षअखेरची शिल्लक एवढेच दोन कागद हाती दिले, तर मधल्या काळात काय घडले हे कोणाला सांगता येईल? माल कोणाकडून आला, कोणती रक्कम सकाळी जमा झाली आणि संध्याकाळी निघूनही गेली, हे कळायला रोजकीर्दच पाहावी लागते. रसायनशास्त्राची गत पुष्कळ वर्षे अशीच होती. भांड्यात काय घातले ते ठाऊक असे, अखेरीस काय निघाले तेही ठाऊक असे. मधल्या क्षणांची रोजकीर्द मात्र कोणापाशी नव्हती. रासायनिक क्रिया चालू असताना सेकंदाच्या हजाराव्या किंवा लाखाव्या भागापुरते जगणारे अर्धवट रेणू निर्माण होत असले पाहिजेत, असा तर्क शास्त्रज्ञ करीत. ते रेणू प्रत्यक्ष पकडून, त्यांची लांबी-रुंदी आणि कोन मोजून त्यांची रीतसर नोंद करणाऱ्यांत हर्झबर्ग यांचे नाव अग्रभागी आहे. त्याबद्दल १९७१ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की, शिक्षणाने ते होते अभियंते, व्यवसायाने पदार्थवैज्ञानिक, आणि लहानपणी त्यांना व्हायचे होते ज्योतिर्विद!

२५ डिसेंबर १९०४ रोजी, ऐन नाताळात, जर्मनीतील हँबुर्ग या बंदराच्या शहरात गेरहार्डचा जन्म झाला. तो जेमतेम दहा वर्षांचा असताना वडील वारले. त्याच सुमारास पहिले महायुद्ध पेटले. युद्ध संपले, पण जर्मनीचे दैन्य संपले नाही. पुढे १९२३ मध्ये तर तिथल्या चलनाची किंमत कागदाइतकीही उरली नाही. चलनवाढीचा धडा शिकताना आपण ज्या जर्मन मार्कचे उदाहरण वाचतो, त्याच मार्कच्या काळात हा मुलगा वाढत होता. त्याला आकाशाचे वेड लागले होते. शाळा संपत आल्यावर, आपल्याला खगोलशास्त्राचा अभ्यास करता येईल काय, अशी विचारणा त्याने हँबुर्गच्या वेधशाळेकडे केली. उत्तर आले की, ज्याच्यापाशी घरचा पैसा नाही त्याने या क्षेत्रात पोट भरण्याची आशा धरू नये.

हे उत्तर कठोर होते, पण त्या काळाच्या मानाने खोटे नव्हते. गेरहार्डने ते मुकाट्याने स्वीकारले आणि एका खाजगी शिष्यवृत्तीच्या आधारावर डार्मश्टाट येथील तांत्रिक विद्यापीठात अभियांत्रिकी पदार्थविज्ञानाला नाव घातले. १९२८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच, त्याने अभियांत्रिकीतील डॉक्टरेट मिळविली. तोपर्यंत त्याच्या नावावर अनेक शोधनिबंध जमा झाले होते. तारे हुकले, पण ताऱ्यांचे गुपित ज्या किल्लीने उघडते ती किल्ली हाती आली. ती किल्ली म्हणजे वर्णपट.

पुढची कथा समजण्यासाठी वर्णपटाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पावसाळ्यात आपण इंद्रधनुष्य पाहतो, तेव्हा सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे झालेले दिसतात. एखाद्या वायूतून प्रकाश नेला आणि मग तो असा रंगारंगांत पसरला, तर त्यात ठराविक जागी काळ्या रेषा उमटतात. त्या त्या रेषेचा प्रकाश वायूच्या रेणूंनी शोषून घेतलेला असतो. प्रत्येक पदार्थाच्या रेषा निराळ्या. जणू अंगठ्याचे ठसेच. परंतु रेणूचा ठसा अणूच्या ठशाहून गुंतागुंतीचा असतो, कारण रेणू नुसता स्थिर उभा नसतो. तो थरथरतो आणि भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतोही. या फिरण्याला परिवलन म्हणतात. आपला लाकडी भोवरा कोणत्याही वेगाने फिरू शकतो; रेणूला ती मुभा नाही. जिन्याला जशा पायऱ्या असतात तसे त्याच्या फिरण्याचे टप्पे ठरलेले असतात, अध्येमध्ये पाय ठेवता येत नाही. जड आणि लांबट रेणूच्या पायऱ्या जवळजवळ असतात, हलक्या आणि आटोपशीर रेणूच्या दूरदूर. म्हणून वर्णपटातील एखादा पट्टा चांगल्या यंत्राने उकलून पाहिला की, तो अनेक बारीक रेषांचा बनलेला दिसतो, आणि त्या रेषांमधील अंतर मोजून रेणूतील अणू एकमेकांपासून किती लांब आहेत याचा हिशेब काढता येतो. कोणत्या पायरीवर किती रेणू आहेत हे रेषांच्या ठळकपणावरून कळते, आणि त्यावरून तापमानही समजते. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या वस्तूचे माप असे नुसत्या रेषांवरून घेण्याची ही विद्या हर्झबर्ग यांनी आयुष्यभर जोपासली.

डॉक्टरेटनंतर ते ग्योटिंगेनला गेले. जेम्स फ्रँक आणि माक्स बोर्न यांच्यामुळे ते गाव त्या वेळी पदार्थविज्ञानाची पंढरीच झाले होते. तेथे १९२९ मध्ये त्यांनी वाल्टर हाइट्लर यांच्यासमवेत एक लहानसा निबंध लिहिला. त्या निबंधाचा आपल्या देशाशी दुहेरी संबंध आहे. आदल्याच वर्षी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला सुप्रसिद्ध परिणाम शोधला होता. त्या पद्धतीने इटालियन शास्त्रज्ञ फ्रांको रासेट्टी यांनी अमेरिकेत नायट्रोजन वायूच्या परिवलनाच्या रेषांचे फोटो घेतले. त्या रेषा एक ठळक, एक फिकी, अशा आलटून पालटून येत होत्या. यांपैकी कोणत्या ठळक आहेत ते पाहून हाइट्लर आणि हर्झबर्ग यांनी दाखवून दिले की, नायट्रोजनचे अणुकेंद्र सत्येंद्रनाथ बोस यांच्या सांख्यिकीचे नियम पाळते. आता अडचण अशी झाली की, त्या काळच्या समजुतीप्रमाणे या केंद्रात चौदा प्रोटॉन आणि सात इलेक्ट्रॉन, म्हणजे एकंदर एकवीस कण मानले जात. कणांची संख्या सम असेल तरच बोस यांचा नियम लागू पडतो. एकवीस तर विषम! ताळेबंद काही केल्या जुळेना. चूक जमाखर्चात नव्हती, मूळ नोंदीतच होती. १९३२ साली चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला आणि केंद्रात सात प्रोटॉन व सात न्यूट्रॉन, म्हणजे चौदा कण असतात हे ध्यानात आले. तेव्हा कुठे खाते मिळाले. एका रामनच्या आणि एका बोसच्या नावाने उभ्या राहिलेल्या या छोट्या कोड्यात अणुकेंद्राच्या नव्या चित्राची चाहूल होती.

१९२९ च्या अखेरीस हर्झबर्ग यांचा लुइझे ओटिंगर यांच्याशी विवाह झाला. लुइझेबाई स्वतः पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थिनी होत्या. पुढे पतिपत्नींनी मिळून संशोधनही केले. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे एक वर्ष काढून हर्झबर्ग डार्मश्टाटला अध्यापक म्हणून परतले. ऑक्सिजनच्या वर्णपटातील काही अतिशय फिके पट्टे त्यांनी १९३२ मध्ये शोधले. आज ते हर्झबर्ग पट्टे याच नावाने ओळखले जातात आणि रात्रीच्या आकाशाच्या मंद उजेडात आढळतात. सगळे सुरळीत चालले होते. एवढ्यात १९३३ साल उजाडले आणि हिटलर सत्तेवर आला.

लुइझेबाई ज्यू होत्या. ज्यू अध्यापकांना तर विद्यापीठातून काढलेच, पण ज्यांच्या पत्नी ज्यू आहेत त्यांनाही शिकवता येणार नाही, असे निर्बंध आले. हर्झबर्ग यांच्यापुढे दोन वाटा होत्या. ते स्वतः ज्यू नव्हते. पत्नीला सोडून नोकरी राखण्याची वाट त्या काळात काही जणांनी पत्करली. हर्झबर्ग यांनी त्या वाटेकडे पाहिलेही नाही. १९३३ च्या अखेरीसच त्यांनी देश सोडण्याची तयारी सुरू केली. पण जायचे कोठे? निर्वासित विद्वानांनी युरोप भरून गेला होता. जागा थोड्या आणि मागणारे फार.

येथे एका सामान्य वाटणाऱ्या ओळखीने त्यांना तारले. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठाचे जॉन स्पिंक्स नावाचे तरुण रसायनशास्त्रज्ञ १९३३-३४ मध्ये वर्षभर डार्मश्टाटला हर्झबर्ग यांच्यापाशी काम शिकायला आले होते. परत गेल्यावर त्यांनी आपल्या विद्यापीठाकडे खटपट केली. कार्नेगी निधीतून पैशांची तरतूद झाली आणि ऑगस्ट १९३५ मध्ये हे जोडपे जर्मनीबाहेर पडले. घरगुती सामान आणि प्रत्येकी सुमारे अडीच डॉलरांच्या मोलाची रोकड, एवढेच बाहेर नेण्याची सरकारने परवानगी दिली होती. तिशीतल्या एका नावाजलेल्या शास्त्रज्ञाची ही सारी मत्ता! आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर भांडवल जवळजवळ शून्य. पण त्यांच्या डोक्यातील पुंजीवर जकात बसविण्याची युक्ती कोणत्याच सरकारला सापडलेली नव्हती.

सस्कॅटून हे गव्हाच्या सपाट मुलखातले आडबाजूचे गाव. हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरायचा. त्यात मंदीची आणि अवर्षणाची वर्षे. विद्यापीठापाशी पैसा बेताचा, यंत्रसामग्री त्याहून बेताची. ग्योटिंगेनच्या मानाने ते अरण्यच होते. परंतु तेथल्या लोकांनी या परदेशी कुटुंबाला आपले मानले. काही महिन्यांतच त्यांची पदार्थविज्ञानाचे संशोधक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पॉल आणि अॅग्नेस ही त्यांची दोन्ही मुले कॅनडातच जन्मली. तेथली दहा वर्षे हर्झबर्ग यांनी कृतज्ञतेने आठवणीत ठेवली.

यंत्रे कमी होती म्हणून ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी लेखणी उचलली. अणूंच्या वर्णपटावरील त्यांचे पुस्तक आणि द्विअणू रेणूंवरचा पहिला मोठा ग्रंथ मूळ जर्मनमध्ये लिहिलेले होते. त्यांचा इंग्रजी अनुवाद मित्र स्पिंक्स यांनीच केला आणि तो १९३७ व १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४५ चा पुढचा खंड मात्र हर्झबर्ग यांनी थेट इंग्रजीत लिहिला. मायबोलीत विचार करून परभाषेत मांडण्याची कसरत काय असते, हे दोन भाषांच्या या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. रेणूंच्या वर्णपटावरील या ग्रंथमालेचा चौथा खंड १९७९ साली निघाला. चाळीस वर्षे चाललेला हा ग्रंथोद्योग! जगभरच्या अभ्यासकांनी हे खंड धर्मग्रंथासारखे हाताशी ठेवले.

सस्कॅटूनमध्येच त्यांना आकाशाकडे जाणारी जुनी वाट पुन्हा दिसली. ताऱ्यांमधल्या पोकळीतून येणाऱ्या प्रकाशात काही अनोळखी रेषा सापडल्या होत्या. अॅलेक्स डग्लस या आपल्या विद्यार्थ्याबरोबर हर्झबर्ग यांनी १९४१ मध्ये कार्बन आणि हायड्रोजन यांचा एक विद्युतभारित रेणू प्रयोगशाळेत निर्माण केला आणि त्या रेषा त्याच्याच आहेत हे सिद्ध केले. त्याच सुमारास कॅनडातील अँड्र्यू मॅककेलर यांनी ताऱ्यांमधील सायनोजन रेणूंच्या परिवलनाच्या रेषा ताडून पाहिल्या. किती रेणू फिरत आहेत आणि किती स्वस्थ आहेत यावरून त्यांनी तेथील तापमान काढले. ते भरले निरपेक्ष शून्याच्या वर २.३ अंश. हर्झबर्ग यांनी १९५० च्या आवृत्तीत या आकड्याची नोंद घेतली, पण त्याला फारसा अर्थ नाही असे मानून ते पुढे गेले. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सर्व विश्वात भरून राहिलेल्या प्रारणाचा शोध लागला आणि त्याचे तापमान सुमारे तेवढेच निघाले! १९७८ साली त्या दोघांना नोबेल मिळाले. विश्वाच्या जन्माची खूण एका मोठ्या पंडिताच्या पुस्तकात पंधरा वर्षे पडून होती. नोंद बरोबर असूनही तिचा अर्थ निसटू शकतो, हे यावरून दिसते.

नोंद चुकल्याचाही एक प्रसंग त्यांच्या चरित्रात आहे. एक कार्बन आणि दोन हायड्रोजन मिळून झालेला मेथिलीन हा क्षणजीवी रेणू रसायनशास्त्रात फार महत्त्वाचा समजला जाई. पण त्याचा वर्णपट कोणी पाहिलेला नव्हता. धूमकेतूंच्या प्रकाशात जांभळ्या रंगात, ४०५० अँगस्ट्रॉमच्या आसपास, एक गूढ पट्टा दिसे. हर्झबर्ग यांनी १९४२ मध्ये तोच पट्टा मिथेन वायूत विजेचा प्रवाह सोडून प्रयोगशाळेत उमटवला आणि तो मेथिलीनचाच असावा असे प्रसिद्ध केले. शोध लागल्याचा आनंद सात वर्षे टिकला. १९४९ मध्ये बेल्जियममधील दोन शास्त्रज्ञांनी साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन वापरून पाहिला. रेणूत हायड्रोजन असता तर रेषा सरकायला हव्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे त्या रेणूत हायड्रोजन नव्हताच! तो तीन कार्बन अणूंचा रेणू आहे हे १९५१ मध्ये ज्याने पक्के केले, तो अॅलेक्स डग्लस, हर्झबर्ग यांचाच विद्यार्थी. शिष्याकडून हरण्यात गुरूला भूषण वाटावे, असे आपल्याकडे मानतात. हर्झबर्ग यांनी चूक मान्य केली आणि खऱ्या मेथिलीनचा शोध पुन्हा आरंभला.

मधल्या काळात, १९४५ ते १९४८, ते अमेरिकेतील यर्कीस वेधशाळेत प्राध्यापक होते. घरचा पैसा नसलेल्या त्या मुलाला अखेर वेधशाळेचे दार उघडले. तेथे सुरू केलेल्या हायड्रोजनच्या अभ्यासातून पुढे १९५२ मध्ये युरेनस आणि नेपच्यूनच्या वातावरणात हायड्रोजन रेणू असल्याचे त्यांनी ओळखले. परंतु ओढ कॅनडाची होती. १९४८ मध्ये ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्यांना बोलावले आणि पुढच्याच वर्षी ते पदार्थविज्ञान विभागाचे संचालक झाले. तेथे त्यांनी उभी केलेली प्रयोगशाळा वर्णपटाच्या अभ्यासकांचे तीर्थक्षेत्र बनली. देशोदेशीचे तरुण तेथे येत. त्यांत भारतीयही होते.

येथेच त्यांच्या हाती ते हत्यार आले, ज्यामुळे क्षणाची रोजकीर्द लिहिता येऊ लागली. केंब्रिजचे नॉरिश आणि पोर्टर यांनी १९४९-५० च्या सुमारास फ्लॅशची पद्धत काढली होती. लग्नात फोटोग्राफर फ्लॅश उडवतो त्याच्या कितीतरी पट प्रखर असा प्रकाशाचा झोत वायूवर टाकायचा. त्या धक्क्याने रेणूंचे तुकडे होतात. लगेच, सेकंदाच्या काही लाखांश भागांनंतर, दुसरा लहान फ्लॅश उडवून त्या तुकड्यांचा वर्णपट टिपायचा. तुकडे परत एकमेकांना चिकटून नाहीसे होण्यापूर्वी त्यांचा फोटो निघालेला असतो. दोन फ्लॅशमधील अंतर थोडे थोडे वाढवीत गेले की कोणता तुकडा केव्हा जन्मला, केव्हा वाढला आणि किती वेगाने संपला, याचा क्रम हाती येतो. या कामासाठी नॉरिश आणि पोर्टर यांना १९६७ चे नोबेल आयगेन यांच्याबरोबर विभागून मिळाले. केंब्रिजच्या मंडळींचा भर क्रियेच्या वेगावर होता. ओटावात हर्झबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी याच फ्लॅशला आपल्या सूक्ष्म यंत्रांची जोड दिली आणि त्या क्षणात सापडलेल्या रेणूच्या परिवलनाच्या रेषा उकलल्या. तुकडा आहे एवढेच न सांगता, तो कसा आहे हे ते सांगू लागले. १९५२ मध्ये रॅमसे यांच्यासह अमोनियाचा तुकडा पकडला. १९५६ मध्ये शूस्मिथ यांच्यासह मेथिल पकडले. मेथिलीन मात्र हुलकावण्या देत होते.

अखेर १९५९ साली ते सापडले. डायअॅझोमिथेन नावाच्या स्फोटक वायूत भरपूर नायट्रोजन मिसळून त्यावर फ्लॅश सोडला, तेव्हा १४१५ अँगस्ट्रॉमपाशी, दूरच्या अतिनील भागात, नव्या रेषा उमटल्या. तो प्रकाश हवाच गिळून टाकते, म्हणून सारे यंत्र निर्वात ठेवावे लागते. या खेपेला त्यांनी जड हायड्रोजनची कसोटी स्वतःच आधी लावली. रेषा सरकल्या. मेथिलीनच होते ते! पहिल्या चुकलेल्या घोषणेला सतरा वर्षे झाली होती. पुढे असेही आढळले की, फ्लॅशने प्रथम एका प्रकारचे मेथिलीन जन्मते आणि नायट्रोजनच्या रेणूंवर आपटून आपटून ते कमी ऊर्जेच्या दुसऱ्या प्रकारात बदलते. म्हणजे केवळ रेणूचा फोटो मिळाला नाही, तर त्याच्या अल्पायुषी जीवनातले स्थित्यंतरही टिपले गेले.

तरीही एक दुरुस्ती राहिली होती. हे तीन अणू सरळ रेषेत आहेत, असा निष्कर्ष हर्झबर्ग यांनी त्या फोटोंवरून काढला. १९७० मध्ये गणिताने आणि चुंबकीय प्रयोगांनी दुसऱ्यांनी दाखविले की तो रेणू वाकलेला आहे. तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या, जगन्मान्य हर्झबर्ग यांनी जॉन्स यांच्यासह आपल्याच जुन्या फोटोंची पुन्हा छाननी केली. काही रेषा रेणू फुटल्यामुळे पुसट होऊन दिसतच नव्हत्या, हे त्यांच्या लक्षात आले. १९७१ मध्ये त्यांनी निष्कर्ष बदलला. कोन सुमारे १३६ अंशांचा ठरला. ज्या वर्षी जगाने त्यांना सर्वोच्च पारितोषिक दिले, त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या खात्यातील चूक स्वतःच्या हाताने खोडून नीट केली.

मात्र ते पारितोषिक पाहायला लुइझेबाई नव्हत्या. बातमी येण्याच्या काही महिने आधीच त्यांचे निधन झाले होते. जिच्यासाठी देश सोडला, जिने परक्या मुलखात संसार आणि संशोधन दोन्ही सांभाळले, ती या समारंभात नसावी याला दैवदुर्विलास म्हणावे, नाहीतर काय?

नोबेलनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. त्या वेळी कॅनडाच्या सिनेटची एक समिती, सिनेटर लामोंताञ यांच्या अध्यक्षतेखाली, विज्ञानाचा पैसा देशाच्या गरजेप्रमाणे आखून द्यावा, अशा शिफारशी करीत होती. हर्झबर्ग यांनी तिला उघड विरोध केला. कोणता शोध कोणत्या तारखेला उपयोगी पडेल याची आगाऊ अंदाजपत्रके करता येत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. येथे वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मी थोडा घुटमळलो. करदात्याचा पैसा आहे, तर त्याचा हिशेब मागू नये काय? मागावा, असेच मला वाटते. पण धूमकेतूतील एका जांभळ्या पट्ट्यावर खर्ची पडलेली सतरा वर्षे कोणत्या स्तंभात दाखवावयाची? तोटा म्हणून दाखवली असती, तर १९५९ ची जमा कधीच लिहिली गेली नसती. प्रत्येक खाते ३१ मार्चला बंद करता येत नाही, एवढे मी या चरित्रातून शिकलो.

१९६९ मध्ये संचालकपद सोडल्यावरही परिषदेने त्यांना निवृत्त होऊ दिले नाही. १९७९ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, हायड्रोजनचा एक विद्युतभारित त्रिअणू रेणू शोधता शोधता त्यांना तीन हायड्रोजन अणूंचा निराळाच रेणू अवचित गवसला. नव्वदीपर्यंत ते कामावर जात. गाण्याची त्यांना मनापासून आवड होती. ३ मार्च १९९९ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ओटावात त्यांनी देह ठेवला.

त्यांची विद्या पुढे चालली आहे. २००८ च्या सुमारास अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात पेट आणि त्यांचे सहकारी यांनी सूक्ष्मतरंगांच्या एकाच लहानशा स्पंदात परिवलनाच्या असंख्य रेषा एकदम टिपण्याची पद्धत विकसित केली. रासायनिक क्रिया चालू असतानाच कोणते पदार्थ, कोणत्या आकाराचे आणि किती प्रमाणात तयार होत आहेत, हे तिच्या साह्याने आता क्षणाक्षणाला मोजता येते. फोटोच्या काचेची जागा विजेच्या यंत्रांनी घेतली. रोजकीर्द लिहिण्याची रीत मात्र हर्झबर्ग यांच्या पिढीने घालून दिलेलीच आहे.

१९७५ मध्ये कॅनडाने आपल्या खगोलभौतिकीच्या राष्ट्रीय संस्थेला हर्झबर्ग यांचे नाव दिले. ३३१६ क्रमांकाचा एक लघुग्रहही त्यांच्या नावाने सूर्याभोवती फिरतो आहे. घरचा पैसा नसेल तर ताऱ्यांच्या नादी लागू नकोस, असे ज्या मुलाला लेखी कळविले होते, त्याच्या नावे आज आकाशात खाते उघडलेले आहे. आपल्या महाविद्यालयातही शुल्काची अखेरची तारीख जवळ आली की वही मिटून मिळेल त्या नोकरीकडे पाहणारे मित्र आहेत. त्यांनी हे चरित्र एकदा वाचावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.